भिवापूरची एक वाघीण

प्रश्न : नागपूर–नागभीड नॅरोगेजवर लहान स्टेशनांवरून एक-दोन डबेच माल निघायचा. त्याची व्यवस्था कशी लावत? – एक वाचक, महाल

उत्तर : त्या मार्गावर मी गार्ड होतो, म्हणून या प्रश्नाने फार आनंद झाला. व्यापाऱ्याने वाघीण, म्हणजे मालाचा डबा, मागितली की स्टेशनमास्तर ती मागणी कंट्रोलला, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या नियंत्रण कार्यालयाला, कळवायचा. मग रिकामी वाघीण गाडीला जोडून जायची.

खरं कसब नागपुरातल्या इतवारी स्टेशनच्या यार्डात होतं. वाघिणी स्टेशनांच्या क्रमानं लावायच्या. कुहीची इंजिनामागे, मग उमरेड, मग भिवापूर. म्हणजे कुहीला पुढचीच तोडून मालधक्क्यावर ढकलली की झालं. क्रम चुकला तर अख्खी गाडी पुढेमागे करत तासभर जायचा. अन् एकेरी मार्ग, पॅसेंजर तिकडे खोळंबून!

प्रत्येक वाघिणीच्या अंगावर क्लिपात कागदी लेबल असायचं : कुठून, कुठे, माल काय. कंदील धरून एकेक वाचायचो. भिवापूरच्या मिरचीची पोती भरलेली वाघीण मात्र न वाचता कळायची, ठसका लागायचा.

इतवारीत मोठं काम उरायचंच. आमच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, ब्रॉडगेजचं 1676. पुढे लांब जाणारं प्रत्येक पोतं हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जायचं. त्या माणसांची आठवण कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

1908 चा हा मार्ग रुंदीकरणासाठी 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाला. सुटी वाघीण त्याआधीच गेली होती; रेल्वेला पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडीभर वाघिणी, हवा झाला.