नाशिक जिल्ह्यातल्या मोर्चे-धरण्यांची नोंद करायला पेपरची कात्रणं पुरतील का?

प्रबंधासाठी 2018 ते 2024 मधली अहिंसक आंदोलनं मोजायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. नुसती कात्रणं नाही पुरणार. शांतपणे निवेदन देऊन लोक घरी गेले की बातमी दोन ओळींत आटोपते. तेच रास्ता रोकोत एक काच फुटली की फोटोसकट छापून येते. कात्रणांवर विसंबलात तर जिल्हा आहे त्याहून भडक दिसेल.

एक दिवस, एक ठिकाण, एक मागणी म्हणजे एक नोंद धरा आणि मोहिमेचा क्रमांक वेगळ्या रकान्यात टाका. नाहीतर 6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) निघून 12 तारखेला मुंबईत आझाद मैदानावर संपलेला किसान लाँग मार्च सात आंदोलनं म्हणून मोजला जाईल.

पोलिसांच्या गुन्ह्यांवरून मोजणं तर त्याहून फसवं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमंच बदलली: बेकायदा जमावाच्या 143 चं 189, आदेशभंगाच्या 188 चं 223, वाट अडवण्याच्या 341 चं 126. जुन्याच आकड्यांनी शोधलंत तर जुलैपासून आंदोलनं थांबली असं वाटेल! त्यापेक्षा माहिती अधिकारात परवानगीसाठी आलेल्या अर्जांची यादी मागा, शांत आंदोलनं तिथे सापडतात. शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. दोन वर्षं आणि चार पोलीस ठाणी एकाच अर्जात कोंबू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात आलेल्या निवेदनांची आवक नोंदही स्वतंत्र अर्जाने मागा.

गर्दीचे आकडे, पोलिसांचा एक आणि आयोजकांचा एक, दोन्ही तसेच लिहा. सरासरी काढू नका, तो आकडा कुणाचाच नसतो.

मुलाखतींसाठी सुरगाणा-पेठला भातलावणी उरकल्यावर जा. पाऊस सरला की बरीच माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर असतात. केस चालू असलेल्यांची नावं वहीत नकोत, फक्त क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी वेगळी ठेवा, फोनमध्ये तर नकोच.

2018, 2019 आणि 2023 चे शेतकऱ्यांचे मोर्चे आठवणीत एकमेकांत मिसळतात. साल विचारू नका, “शेवटच्या रात्री झोपलात कुठे?” असं विचारा. 2018 वाला म्हणेल, झोपलो कुठे, दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून मुंबईच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच चालायला लागलो. 2023 वाला ठाणे जिल्ह्यातलं वाशिंद सांगेल, तो मोर्चा तिथेच थांबला होता.