अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर बदलूनही पुन्हा पुन्हा का उडतात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडच्या तुमच्या मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या एका चॅनलला ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोड्या दोनदा घातल्या. पहिल्यांदा दहा मिनिटं वाजला, दुसऱ्यांदा स्विच टाकताक्षणी फ्यूज गेला. आता तिसरी जोडी आणायला लगेच एम. जी. रोडला जाऊ नका. सिडकोत मी बरीच वर्षं हेच काम करतोय. उडालेला ट्रान्झिस्टर हा बहुतेक वेळा मार खाल्लेला असतो, मारणारा दुसराच कुणीतरी असतो.

तुमची दहा मिनिटं मला महत्त्वाची वाटतात. ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. तो तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारं बेसवरचं व्होल्टेज, तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंटने उष्णता वाढते, उष्णतेने पुन्हा करंट. हे थांबवायला एक छोटा ट्रान्झिस्टर, बहुधा बीडी१३९, त्याच हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर) कसलेला असतो. सिंक तापलं की तोही तापतो आणि बायस खाली ओढतो. पंचवटीतल्या एका मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर ऐन गणपतीत माझ्याकडे आला होता, रोज अर्ध्या तासाने बंद पडायचा. त्यातला बीडी१३९ शाबूत होता, पण त्याचा स्क्रू बोटाने फिरत होता आणि खालची पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी झाली होती. आउटपुट बदलताना तुमच्याकडे तो सिंकपासून सुटला का, हे सगळ्यात आधी बघा.

दुसऱ्यांदा लगेच उडाला याचं कारण मागे आहे. आउटपुट शॉर्ट झाला की कलेक्टरचं पूर्ण व्होल्टेज बेसमधून ड्रायव्हरवर, म्हणजे आउटपुटला चालवणाऱ्या आधीच्या ट्रान्झिस्टरवर, जातं. म्हणून ड्रायव्हर आणि बेसचे रेझिस्टर काढून मोजा, बोर्डावर ठेवून मोजलं तर मीटर फसवतो. मीटरच्या डायोड मोडवर चांगला जंक्शन ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट बाजूने काहीच नाही. ड्रायव्हर संशयास्पद वाटला तरी बदला, आउटपुटच्या मानाने तो स्वस्त आहे. एमिटरचे ०.२२ ओहमचे रेझिस्टर, म्हणजे ते पांढरे ठोकळे, वरून नवेकोरे दिसतात, चीर असते खालच्या बाजूला. त्यातला एक ओपन (आतून तुटलेला) असला की त्याचा भार बाकीच्या जोड्यांवर पडतो.

हे सगळं करण्याआधी फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. १०० ओहम १० वॅटचा रेझिस्टर प्रत्येक रेल (सप्लायची प्लस आणि मायनस लाइन) आणि ग्राउंडमध्ये काही सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा.

सुटे भाग घेताना काउंटरवरचं "हाच चालतो हो" ऐकू नका. तुमच्या रेल ५०-५० व्होल्टच्या असतील तर ट्रान्झिस्टरवर १०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि २एन३०५५ ची मर्यादा ६० ची आहे. मूळ ५२०० २३० व्होल्ट, १५ अँपिअरचा असतो. नकली तर सर्रास मिळतात. मी फोडून बघितलेत, आत सिलिकॉनचा तुकडा नखाच्या टोकाएवढाच. मंद आवाजात तो टिकतो, ढोलाच्या ठोक्याला जातो. त्या चॅनलच्या सगळ्या जोड्या एकाच लॉटच्या घ्या. ट्रान्झिस्टर आणि सिंक यांच्यात करंट जाऊ नये म्हणून अभ्रकाचे नवे तुकडे आणि पातळ पेस्ट लावून कसा, मग प्रत्येक कलेक्टर आणि सिंक यांच्यात मीटरचा बझर वाजत नाही ना ते तपासा. ड्रिलचा एक बारीक कीस अभ्रक फाडायला पुरतो.

चालू करताना फेजमध्ये सिरीज बल्ब हवाच, जुना पिवळा १०० वॅटचा. एलईडी चालत नाही. बायसचा प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) कमीत कमी करंटच्या बाजूला ठेवा, स्पीकर काढलेला असू द्या. कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. काहीतरी अजून शॉर्ट आहे, पण तुमची जोडी वाचली. मंद झाल्यावर आउटपुटला डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. तो काही व्होल्टवर गेला तर स्पीकरची कॉइल जळेल. मग बल्ब काढा आणि ०.२२ ओहमवर ५ मिलिव्होल्ट येईपर्यंत प्रिसेट हळूहळू फिरवा. म्हणजे साधारण २३ मिलिअँपिअर झाले.

अर्धा तास नुसताच चालू ठेवून तेच रीडिंग पुन्हा घ्या. सिंक कोमट असताना ते वर चढत नसेल तरच स्पीकर जोडा. चढत असेल तर बीडी१३९ चा स्क्रू पुन्हा बघा आणि थंड व गरम अशी दोन्ही रीडिंग इथे लिहा, पुढचं सांगतो.