पाच मुलं, सगळी होमस्कूलमध्ये, म्हणजे घरीच शिकणारी. हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळचा कोरलेल्या भोपळ्यांत दिवे लावायचा सण, घरच्या घरी कसा करावा?

प्रश्नात तुम्ही म्हटलंय की राहायला न्यू जर्सीत आहात, मुलं २ ते १३ वर्षांची आहेत आणि वेगवेगळे पोशाख घालून खाऊ मागत दारोदार फिरायचं नाही. जमेल. फक्त सगळं ३१ तारखेच्या संध्याकाळवर ढकलू नका. भोपळे अर्धवट कोरलेले, धाकटं रडतंय, थोरला कंटाळलाय, असं हमखास होतं. कामं आठवडाभर वाटा आणि प्रत्यक्ष कार्यक्रम दीड तासात उरका.

भोपळे पाच आणा, पण कोरा दोनच. अख्खा भोपळा कोरड्या, थंड जागी महिनाभरही टिकतो, म्हणून लहानांचे तीन मार्करने किंवा अ‍ॅक्रिलिकने आधीच रंगवून घ्या. कोरलेला मात्र चार-पाच दिवसांत बसतो, कारण आतला ओला गर उघडा पडला की बुरशी धरते. त्यामुळे कोरायचं काम २९ तारखेच्या आधी नको. झाकण देठाकडून कापलंत तर सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, सरळ कापलेलं झाकण आत पडतं. त्यापेक्षा बूड कापणं सोपं: भोपळा उचलून सरळ दिव्यावर ठेवता येतो. ज्या बाजूला चेहरा कोरायचा ती भिंत चमच्याने खरवडून साधारण अडीच सेंमी जाडीची करा. जाड राहिली तर करवत अडकते, फार पातळ झाली तर चेहरा दोन दिवसांत आत वळतो. स्वयंपाकघरातली सुरी मुलांच्या हाती देऊ नका, दातेरी पात्याची छोटी करवत मिळते ती द्या, तीही मोठ्या दोघांनाच आणि तुम्ही शेजारी असताना. आत खऱ्या मेणबत्तीऐवजी बॅटरीची पणती ठेवा. दिवाळीच्या सामानात असतेच.

कोरून झाल्यावर ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा ब्लीच घालून भोपळा दहा मिनिटं बुडवा आणि उपडा वाळवा, बुरशी जरा उशिरा येते. हे काम मोठ्यांचं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. खाली व्हिनेगरचा प्रयोग आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

होमस्कूलचा खरा फायदा इथे आहे, माझ्या मते सजावटीपेक्षाही जास्त. कापण्याआधी प्रत्येकाने भोपळ्याचा घेर टेपने मोजायचा, वजन करायचं आणि आत बिया किती असतील याचा अंदाज वहीत लिहायचा. मग बिया दहा-दहाच्या ढिगांत मोजायच्या. पाच वर्षांचा ढीग लावतो, आठ वर्षांची गुणते, थोरला घेर आणि बियांचा आलेख काढतो. एकाच टेबलावर तीन इयत्ता होतात. मोजलेल्या बिया धुऊन मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करा, तेलाचा हात लावून १७५ अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटं भाजा. ओल्या भाजल्या तर वाफेत शिजतात आणि चिवट होतात. दोन वर्षांच्या बाळाला बिया, पॉपकॉर्न, कडक गोळ्या काहीच नको, घशात अडकतं.

कोरायच्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका. त्याचा गर पाणचट असतो, पीठ खात राहतो आणि चव येत नाही. त्यासाठी ‘पाय पम्पकिन’ नावाचा लहान भोपळा वेगळा आणा.

फुगणारं भूत: बाटलीत १०० मिली व्हिनेगर, पांढऱ्या फुग्यावर मार्करने चेहरा, फुग्यात फनेलने दीड छोटा चमचा बेकिंग सोडा. फुग्याचं तोंड बाटलीवर बसवून फुगा वर उचला, म्हणजे सोडा बाटलीत पडतो. फुगा फार तर दोनेक लिटरचा होतो. मुलं म्हणतील ‘अजून सोडा घाल’. घालून बघू द्या, फुगा वाढत नाही, कारण आम्ल संपलेलं असतं. थोरल्याला हे आकडेमोडीने सिद्ध करायला सांगा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला.

धुरासाठी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणणार असाल तर तो उणे ७८ अंश सेल्सिअसवर असतो: जाड हातमोजे, खिडकी उघडी, बंद डब्यात कधीच नाही. कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, म्हणजे नेमका रांगणाऱ्या मुलांच्या उंचीवर. एवढी लहान मुलं असताना मी तरी तो टाळीन.

दारोदार फिरायची गंमत घरातच करा. चार खोल्यांची चार दारं, प्रत्येक दारामागे एक मोठं माणूस किंवा थोरलं मूल, प्रत्येक दारात एकच वस्तू: एकीकडे चॉकलेट, दुसरीकडे पेन्सिल, तिसरीकडे स्टिकर, चौथीकडे कोडं सोडवल्यावर फळ. थोरल्यांनी मधे दार बदललं की त्यांनाही फेरी मिळते. त्या तारखेला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेसहाला सुरुवात करून आठला आटपा. पोशाख घोट्याच्या वर, म्हणजे जिन्यात पाय अडकत नाही. मुखवट्यांनी बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा चेहऱ्यावर रंग, तोही आदल्या दिवशी हातावर लावून पाहिलेला.

जेवताना इतिहास पाच मिनिटांत होतो: आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये दिवे सलगमात कोरत, भोपळा तिथल्या लोकांना अमेरिकेत आल्यावर भेटला. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस, हॅलोविन ही त्याची आदली रात्र.

एक कोरलेला भोपळा ट्रेमध्ये घालून बाहेर ठेवा आणि रोज फोटो काढा, कुजण्याचा धडा आयता मिळतो. हा ब्लीचमध्ये बुडवू नका. रंगवलेले भोपळे कंपोस्टमध्ये टाकू नका.