पहिल्याच मोहिमेत डेमोगॉर्गन नको रे बाबा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळात नवा डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) हमखास गल्लत करतो ती डेमन आणि डेव्हिल यांची. डेव्हिलांचे नरक 9, प्रत्येकाला एक अधिपती आणि सगळ्यांच्या डोक्यावर अ‍ॅस्मोडियस. तिथे बढत्या, करार, सगळा सरकारी कारभार! डेमनांच्या दुनियेत, म्हणजे अबिसमध्ये, तसलं काही नाही. डेमोगॉर्गन स्वतःला डेमनांचा राजा म्हणवतो, पण ऑर्कस आणि ग्राझ्ट हे दुसरे डेमन अधिपती त्याला मानतात थोडेच? त्याची स्वतःची दोन डोकीसुद्धा एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात.

तेव्हा सुरुवातीला:

- एकच डेमन अधिपती घे. मी सहा घेतले होते, तिसऱ्या बैठकीत मलाच नावं आठवेनात.
- त्याला समोर आणू नकोस. लेव्हल 1 च्या पात्रांना त्याचे भक्त पुरतात.
- त्याला नक्की काय हवंय, तेवढं ठरव.

ब्लड वॉरचं, म्हणजे डेमन-डेव्हिलांच्या युद्धाचं, नंतर बघू.