ब्रिटिश दर्यावर्दी एलेन मॅकआर्थरने शिडाची बोट सोडून पर्यावरणाचं काम का धरलं? कंटाळली होती का?

कंटाळली म्हणणाऱ्यांनी तिच्या बोटीतल्या शिध्याचा विचार केलेला नाही. २००५ मध्ये तिने एकटीने ७१ दिवस १४ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून विक्रम केला. अन्न, डिझेल, दोर, निघताना भरलं तेवढंच. पुढे तिला जमिनीवरही तेच दिसायला लागलं: तेल, धातू, सगळं एकदाच भरलेलं. म्हणून २०१० मध्ये स्वतःच्या नावाचं फाउंडेशन काढलं. जपून वापरलं तर माल उशिरा संपतो, पण संपतोच; वस्तू बनवतानाच ती परत कामाला येईल अशी बनवा, हे तिचं म्हणणं.

हे मला सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आधीच कळलं होतं. मागाखाली पडलेलं सूत, कातरलेले काठ आम्ही पोत्यात भरून चिंधीवाल्याला देतो. गॅरेजवाले हात पुसतात ते सुताचे गुंते त्यातलेच. एका दिवाळीआधी चुलत्यांनी स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर मिसळलेलं सूत आणलं. मी नको म्हणत होतो. चिंधीवाल्याने पोत्यात हात घातला, एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा जळला की बोटावर राख उरते. याच्या टोकाला काळी, टणक गोळी झाली. "मालक, हे मिक्स आहे. नीट टिपत नाही. नेऊ कुठं?" त्याने पोती तिथंच ठेवली. चुलते म्हणाले, "चिंधीच्या पैशावर कारखाना चालतो का बे?"

नाही चालत. पण जे सूत गॅरेजवाल्याचे हात टिपत नाही ते अंग काय टिपणार? याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही. मिसळलेले धागे पुन्हा वेगळे करणं महाकठीण, आणि तो निर्णय सूत घेतानाच होतो, पोतं भरताना नाही. एलेनबाई कंपन्यांना हेच सांगते.

आता तिची बाजू घेतोय म्हणून सगळंच पटतं असं नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या विकणाऱ्या बड्या कंपन्यांनाच सोबत घेऊन तिचं फाउंडेशन काम करतं, आणि त्या वचनं देण्यात पटाईत आहेत. शिवाय आमच्या चिंधीवाल्याला कुणी परिषदेला बोलवत नाही.

तुम्ही धंद्यात असाल तर सूत घेताना आधी काडी लावून बघा. घरातलं कोणी हसलं तर हसू द्या.