खारपड रानातली कडधान्यं : किलो विचारण्याआधी माती तपासा

माती खारट झाली की कडधान्यांची तक्रार सगळ्यात आधी येते, आणि तक्रारीमागोमाग तेच तेच गैरसमज. या वेळी आलेले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

हरभरा वीतभर झालाय. खालच्या पानांच्या कडा करपल्यात. फोटो पाठवलाय. कोणती फवारणी घेऊ?

मुळाशी साचलेलं मीठ फवारणीने जात नाही. कडा करपणं हे क्षारांचं लक्षण असू शकतं, तसं ते पालाशच्या कमतरतेचंही असतं. फोटो पाहून मी निदान करणार नाही. करपलेल्या आणि चांगल्या, दोन्ही जागांची माती वेगवेगळी तपासून घ्या. खरं तर हे पेरणीआधीच व्हायला हवं होतं.

थोडी खारवट जमीन आहे. मूग घेऊ की चवळी?

चवळी. मात्र उगवताना तीही नाजूकच असते.

रानात पांढरा थर येतो. शेजाऱ्यांची जमीन जिप्समने सुधारली. एकरी किती टाकू? दुकानदार म्हणतात, जास्त पडलं तरी बिघडत नाही.

आकडा मी सांगणार नाही, आणि माती न बघता जो सांगेल त्याच्याकडून घेऊ नका. शेजाऱ्यांचा रोग आणि तुमचा रोग एकच आहे हे कोणी ठरवलं?

पांढरा थर म्हणजे बहुधा विरघळणारे क्षार. अशी जमीन खारवट. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (pH) 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) 15 टक्क्यांच्या आत, ही तिची ओळख. ती वरून भुसभुशीतही असते. तिला जिप्समची गरज नसते. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) हाही एक क्षारच, म्हणजे मिठाच्या रानात तुम्ही पैसे देऊन आणखी क्षार ओतता. तिला हवं असतं चांगलं पाणी आणि ते पाणी बाहेर पडायला वाट.

चोपण जमीन निराळी. तिच्यात सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतो, कण विखुरतात, छिद्रं बुजतात. पाणी दिवसचे दिवस तुंबतं आणि वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही. सामू 8.5 च्या वर जातो. तिथे जिप्सम हवं, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवतो. पण उठवलेला सोडियम जातो कुठे? निचराच नसेल तर चोर घरातून काढून ओसरीवर बसवल्यासारखं होतं. पाणी आटलं की तो पुन्हा आत.

तिसरा प्रकार या दोन्हींचा, खारवट-चोपण. तिथे क्रम चुकला की रान हातचं जातं. जिप्समआधीच भरपूर पाणी सोडलं तर क्षार धुऊन जातात, सोडियम मागे राहतो आणि चांगली पाझरणारी माती घट्ट मिटते.

ज्या चोपण मातीत चुनखडी भरपूर आहे तिथे गंधकही चालतं. मात्र जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला ओल, ऊब आणि काही आठवडे ते महिने लागतात. आठ दिवसांवर पेरणी आली असताना गंधक विचारणारे दरवर्षी भेटतात.

अहवाल हातात आला की एक गोष्ट जरूर विचारा : वाहकता कोणत्या पद्धतीने मोजली? माती आणि पाणी 1:2.5 प्रमाणात कालवून मोजलं तर त्याच मातीचा आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच लहान येतो. तो 4 च्या कसोटीला लावून ‘आमची जमीन ठणठणीत’ म्हणणारे मी पाहिलेत. जिप्समची मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरून मृदातज्ज्ञांनाच काढू द्या.

रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) लावूनही गाठी नाहीत. मिठाने जिवाणू मेले असं म्हणतात. खरं का?

बहुतेक वेळा नाही. पुष्कळसे रायझोबियम पिकापेक्षा जास्त मीठ सोसतात. मोडते ती मूळ आणि जिवाणूंची गाठभेट. खारट मातीत मूळरोम (मुळांवरचे बारीक केस) कमी येतात, नीट वळत नाहीत आणि जिवाणूंना आत शिरता येत नाही. झालेल्या गाठींनाही पिकाकडून साखर कमी मिळते.

फुलोरा सुरू होताना रोप उपटू नका, खणून काढा; उपटलं की गाठी मातीतच राहतात. मग गाठ कापून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठी निकामी असतील तर वरून थोडं नत्र द्यावं लागेल. किती आणि केव्हा, ते पीक पाहणाऱ्या तज्ज्ञांना विचारा, कारण युरियाचाही भार त्याच मुळांवर पडतो.

रायझोबियमचं पाकीट त्याच पिकाचं होतं ना, मुदतीतलं होतं ना, उन्हात पडलं नव्हतं ना? बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. उलटा क्रम झाला असेल तर मिठाला दोष देऊ नका.

‘क्षार खाणाऱ्या जिवाणूंची’ बाटली मिळते. घ्यावी का?

नाही. सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते खाऊन संपवणारा जिवाणू नाही. पिकाला ताण सोसायला मदत करणारे काही जिवाणू आहेत, पण त्यांनी मातीतलं मीठ घटत नाही. विक्रेत्यांकडे वापराआधीचा आणि नंतरचा, एकाच जागेचा, एकाच खोलीचा माती अहवाल मागा. मला तो अजून कोणी दाखवलेला नाही.

पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश चालेल?

टाळा, त्यात क्लोराइड असतं. अहवालात पालाश खरोखर कमी असेल तर सल्फेट ऑफ पोटॅशबद्दल सल्ला घ्या.

वरंब्याच्या माथ्यावर पेरलेली ओळ उगवलीच नाही. बी खराब होतं का?

बी कशाला खराब असेल? दोन्ही सऱ्यांतलं पाणी माथ्याकडे चढतं, तिथे उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. तुम्ही नेमकं त्या ढिगात बी टाकलंत. पुढच्या वेळी वरंब्याच्या बगलेला पेरा आणि उघड्या मातीवर आच्छादन ठेवा.

ठिबक असेल तर मीठ थेंबाखाली भिजलेल्या मातीच्या गोळ्याच्या कडेला साचतं. म्हणून हलका पाऊस सुरू झाला की ठिबक लगेच बंद करू नका. तेवढ्या पावसाने कडेचं मीठ मुळांत उतरतं. आणि मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचा नमुनाही पाठवा. दर पाळीला खारट पाणीच देत असाल तर वरंब्याची कोणतीही बाजू कामाला येणार नाही.