शेल्विन रॉक : फळी, कपार की वळचण?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) 'शेल्विन रॉक' नावाची जुनी धून वाजवतात. तिचं नाव मराठीत 'फळीचा खडक' केलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. शेल्फ म्हणजे फळी हे खरं, आणि खडकाचा आकारही तसाच : खालचा मऊ थर झिजलेला, वरचा टणक थर पुढे आलेला. पण 'फळीचा खडक' म्हटलं की मला तरी मांडणीवरचे डबे दिसतात. आणि इथली गोष्ट घडते ती फळीच्या खाली.

ही धून कार्पेंटर घराण्याची. क्ले काउंटीतले फिडलवादक फ्रेंच कार्पेंटर (फ्रेंच हे त्यांचं नाव) ती वाजवत. घरातली आख्यायिका अशी, की पूर्वज जेरेमाया हल्ल्याच्या भीतीनं बायकोला घेऊन एल्क नदीच्या रानात पळाला, अशाच एका खडकाखाली राहिला आणि मुलगा सॉलोमन तिथंच जन्मला. फ्रेंचकडून ती धून विल्सन डग्लस (१९२२–१९९९) यांनी उचलली, ऐकून ऐकून. याच घराण्याची दुसरी धून 'कॅम्प चेस'. यादवी युद्धात (१८६१–६५) ओहायोतल्या याच नावाच्या कैद्यांच्या छावणीतून एक कार्पेंटर फिडल वाजवून सुटला, असं सांगतात.

मग शब्द कुठला? 'कपार' जवळचा आहे, पण कपारीत मुख्यतः फट किंवा पोकळी दिसते, डोक्यावरचं छप्पर दिसत नाही. पाऊस आला की आपण ज्या पागोळ्यांच्या आत भिंतीला चिकटून उभे राहतो, ती वळचण. खडकाला तीच आहे, म्हणून 'वळचणीचा खडक'. अडचण एकच : 'सत्तेच्या वळचणीला' लिहून लिहून वर्तमानपत्रांनी या शब्दाला लाचारीचा वास लावलाय. बाळंतिणीच्या गोष्टीत तो वास येणार नाही, अशी आशा.

'चाल' मात्र म्हणू नये. चाल शब्दांना लावतात. इथे नुसतं फिडल आहे, तेव्हा धूनच. आणि 'शेल्विंग' असं दुरुस्तही करू नका, तिकडचे वादक शेवटचा 'ग' गिळतात.